फ्रीपीबीएक्सचा बॅकअप : कमांड लाइनवरून घेणे आणि परत चढवणे
(इंदूरमधील आमच्या फोन यंत्रणेच्या ग्राहकांसाठी)

फ्रीपीबीएक्स म्हणजे तुमच्या ऑफिसची फोन यंत्रणा चालवणारे सॉफ्टवेअर. पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते आणि सर्व्हरच्या डिस्कला त्याचा फटका बसतो. डिस्क जेल रोडवर त्याच दिवशी मिळते. एक्स्टेन्शन (आतले फोन नंबर), आयव्हीआर (कॉलरला पर्याय सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज), रिंग ग्रुप (एकत्र वाजणारे फोन) आणि ट्रंकचे (फोन कंपनीशी जोडणाऱ्या लाइनचे) पासवर्ड पुन्हा भरायला मात्र दिवस जातात. म्हणून बॅकअप हवा, आणि तोही सर्व्हरच्या बाहेर.

खालील कमांड आवृत्ती १५ व पुढच्यांसाठी आहेत. छपाईत देवनागरी आहे, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायचे.

घेताना
वेब पॅनलमध्ये बॅकअपचे काम एकदा तयार करून ठेवा. मग सर्व्हरवर रूट (मुख्य प्रशासक) म्हणून लॉगिन करून 'एफडब्ल्यूकन्सोल बॅकअप --लिस्ट' (fwconsole backup --list) दिल्यावर त्याचा लांबलचक आयडी दिसतो. तो 'एफडब्ल्यूकन्सोल बॅकअप --बॅकअप=' यापुढे जोडा. फाइल टार-जीझेड प्रकारची बनते. ती 'टार -टीझेडएफ'ने उघडून यादी शेवटपर्यंत येते का पाहा. मध्येच थांबली तर फाइल अर्धवट आहे. याचे नेहमीचे कारण भरलेली डिस्क, म्हणून आधी 'डीएफ -एच'ने मोकळी जागा बघाच.

डिस्क भरतात ती कॉल रेकॉर्डिंग. साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला जवळपास १ एमबी लागतो. ३० जण रोज तासभर बोलले तर दिवसाला पावणेदोन जीबी. रेकॉर्डिंग या बॅकअपमध्ये घालू नका, आरसिंकने (फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवणाऱ्या कमांडने) वेगळी न्या.

बॅकअपच्या फाइलमध्ये सगळे एसआयपी पासवर्ड (फोन आणि ट्रंक सर्व्हरशी जोडण्याचे) असतात. ती कोणाच्या हाती पडली तर तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल होऊ शकतात. ई-मेलने पाठवू नका, जीपीजी या एन्क्रिप्शन साधनाने कुलूपबंद करून पेनड्राइव्हवर ठेवा.

परत चढवताना
नवी यंत्रणा जुन्याच्याच किंवा पुढच्या आवृत्तीची हवी. फ्रीपीबीएक्सच्या आत कॉल चालवणारे इंजिन म्हणजे अ‍ॅस्टरिस्क. अ‍ॅस्टरिस्क २१ मध्ये फोन जोडणारा जुना भाग चॅन-एसआयपी नाही, तेव्हा तसली एक्स्टेन्शन आधी त्याच्या जागी आलेल्या पीजेएसआयपीवर आणा. स्क्रीन किंवा टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी साधने) चालू करून मगच 'एफडब्ल्यूकन्सोल बॅकअप --रिस्टोअर=' यापुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या, कारण एसएसएच (दुरून लॉगिनची जोडणी) तुटले तर काम अर्ध्यात राहते. त्यानंतर फाइलांची मालकी नीट करायला 'एफडब्ल्यूकन्सोल सीएचओन' (fwconsole chown) आणि बदल लागू करायला 'एफडब्ल्यूकन्सोल रीलोड' द्या.

जुना सर्व्हर अजून चालू असेल तर त्याची नेटवर्क केबल आधी काढा. दोन्ही एकाच ट्रंकवर नोंदले गेले की येणारे कॉल कधी इकडे, कधी तिकडे जातात.

ग्राहकांची सर्वात जास्त तक्रार येते एकतर्फी आवाजाची: आपला आवाज जातो, समोरचा ऐकू येत नाही. इंटरनेट कनेक्शन बदलले, पण एसआयपी सेटिंगमध्ये बाहेरचा जुना आयपी तसाच राहिला, की असे होते. तो बदला, स्थानिक नेटवर्कची नोंद तपासा आणि अ‍ॅस्टरिस्क पुन्हा सुरू करा. सर्व्हरचा आतला आयपीही पूर्वीचाच ठेवा, नाहीतर टेबलावरचा प्रत्येक फोन जुन्याच पत्त्यावर सर्व्हर शोधत राहील. हा पत्ता वहीत लिहून ठेवा.

शेवटी 'अ‍ॅस्टरिस्क -आरएक्स' देऊन अवतरणात 'पीजेएसआयपी शो रजिस्ट्रेशन्स' लिहा. ट्रंकसमोर 'रजिस्टर्ड' दिसले की एक कॉल बाहेर करा आणि एक बाहेरून आत घ्या.