इंजिन तापणे

इंजिन तापणे म्हणजे ज्वलनातली उष्णता बाहेर टाकण्यात शीतनव्यवस्था कमी पडणे. चालत्या मोटारीत कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअस असते. एथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या सुमारास उकळते. रेडिएटरच्या (कूलंट गार करणाऱ्या जाळीच्या) झाकणाने सुमारे १ बार दाब धरला की ते १२५ अंशांपर्यंत तग धरते. म्हणून झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग गेली, तर बाकी सारे ठीक असूनही कूलंट उकळून बाहेर येते. हा सर्वांत स्वस्त भाग तपासायचा मात्र हमखास राहून जातो.

तापमानाचा काटा वर चढला की एसी बंद करून हीटर पूर्ण जोरात चालू करावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकण गरम असताना कधीही उघडू नये: दाब सुटताच उकळते कूलंट अंगावर उसळते. निदान अर्धा तास थांबून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून पाहावा. टणक लागला तर आत अजून दाब आहे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला (सिलिंडरांवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

गाडी कधी तापते, यावरून दोष सापडतो. गर्दीत तापते आणि वेगात निवते, तर पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा मोटर पाहावी. वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेला असतो किंवा वॉटर पंप कमजोर असतो. काटा वर, वरचा होज चटका देणारा आणि खालचा गार, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. तो काढून गरम पाण्यात धरावा. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या (बहुधा ८२ ते ९२ अंश) आसपास झडप उघडू लागली पाहिजे. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणे हा उपाय नव्हे. इंजिन नेमक्या तापमानाला पोचत नाही आणि झिजते.

गळती दिसत नाही, तरी कूलंट घटते, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, डिपस्टिकवर (तेल मोजण्याच्या पट्टीवर) दुधाळ तेल दिसते किंवा गार इंजिन सुरू करताच होज फुगतो, तेव्हा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांमधले सील) गेल्याची शक्यता मोठी. नवे गॅस्केट बसवण्याआधी हेडचा सपाटपणा तपासावाच. वाकलेल्या हेडवर ते टिकत नाही.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना हीटर चालू ठेवून, असल्यास ब्लीड स्क्रू सैल करून हवा काढावी. अडकलेल्या हवेमुळे दुरुस्त गाडी पुन्हा तापते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहून कमी पडलेले कूलंट भरावे.