मुन्शिपाल्टी आणि इम्युनिटी एकाच घरातल्या

बहिणीच्या बाळाला लस द्यायला परवा मुंबईत पालिकेच्या दवाखान्यात गेलो होतो. नंबर यायला वेळ होता म्हणून हातातलं कार्ड वाचत बसलो. वर पालिकेचं नाव, त्यात म्युनिसिपल, आणि खाली ठळक अक्षरात इम्युनायझेशन. इतकी वर्षं हे दोन्ही शब्द वाचतोय पण दोघांच्या पोटात एकच 'म्युनि' बसलाय हे त्या बाकावर लक्षात आलं. घरच्या ग्रुपवर टाकलं तर लगेच उत्तर आलं की सोपं आहे, पूर्वी ऋषीमुनी नगराचा कारभार बघायचे म्हणून म्युनिसिपल. हे साफ चूक आहे, आणि खरी गोष्ट याच्यापेक्षा खूप भारी आहे म्हणून हा लेख.

मूळ शब्द लॅटिन, मूनुस. अर्थ कर्तव्य, जबाबदारी, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भेट, नजराणा. लोकांना हे विचित्र वाटतं पण मराठी माणसाला वाटायला नको, कारण आपलं 'देणं' अगदी असंच आहे. गळा चांगला असला की आपण म्हणतो देवाचं देणं, आणि वाण्याची उधारी असली की म्हणतो देणं आहे. समाजाचं देणं लागतो म्हणतो तेव्हा तर दोन्ही अर्थ एकदम येतात. मूनुस म्हणजे हे देणं. रोमन लोक ग्लॅडिएटरच्या, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्यांच्या, खेळांनाही मूनुसच म्हणायचे, कारण ते कोणीतरी लोकांना द्यायचे.

आता याला 'कापेरे' म्हणजे घेणे हे क्रियापद जोडलं की झालं मूनिकेप्स, स्वतःच्या वाट्याचं देणं उचलणारा माणूस. अशा माणसांचं गाव ते मूनिकिपिउम. म्हणजे बघा, या शब्दात नगर कुठेच नाहीये!

पण 'काप'चं 'किप' कसं झालं? मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. खूप जुन्या लॅटिनमध्ये बोलताना जोर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असायचा, त्यामुळे मधल्या अक्षरातला 'अ' दमला आणि त्याचा 'इ' झाला, किंवा शेवटच्या बंद अक्षरात 'ए' झाला. आणि हे एका शब्दात नाही, सरसकट झालं. अमीकुस म्हणजे मित्र, पण पुढे 'इन' लावून शत्रू करायचा तर इनिमीकुस. पहिलं स्थान घेणारा तो प्रिन्केप्स, त्याच्यावरूनच आजचे प्रिन्स आणि प्रिन्सिपल. म्हणजे प्रिन्सिपल आणि म्युनिसिपल यांचं यमक जुळतं तो योगायोग नाही, शेवटचा 'सिप' दोन्हीकडे तोच, कापेरेतला. मराठीतही प्रत्यय लागला की आतला स्वर असाच ढिला पडतो, मीठचं मिठाचा होतं, कापूसचा ऊ तर कापसाला म्हणताना गायबच. आणि आजी मुन्शिपाल्टी म्हणते तेव्हा 'नि' आणि 'लि' मधले इकार गिळते, तेही त्याच जातीचं काम आहे, तिला कोणी हसू नये.

अजून एक पायरी खाली जाऊ. मूनुसमधला 'ऊ' पण मूळचा नाही, तो आधी 'ओइ' होता. हा नुसता अंदाज नाही, इ.स.पू. १८६ च्या रोमन सिनेटच्या एका हुकुमाचा ब्राँझचा पत्रा सापडलाय त्यावर 'कोमोइनेम' असं कोरलंय, नंतरच्या लॅटिनमध्ये ते कोमूनेम झालं आणि आपल्यापर्यंत कॉमन म्हणून आलं. कॉमन म्हणजे ज्याचं देणं सगळ्यांनी मिळून वाटून घेतलंय ते. असंच ओइनोसचं ऊनुस झालं, म्हणजे एक. आणि जिथे लॅटिनमध्ये 'ओइ' तिथे संस्कृतमध्ये अ+इ, शाळेतल्या गुणसंधीप्रमाणे ए, म्हणून आपलं 'एक'. हा नियम धरून मूनुसचा भाऊबंद शोधला तर संस्कृतात 'मे' धातू सापडतो, अर्थ अदलाबदल करणे, आणि पुढे स्वर आला की ए चा अय्, म्हणून विनिमय. परकीय चलन विनिमय मधला 'मय' आणि म्युनिसिपलचा 'म्युनि' एका आजीची नातवंडं आहेत. पण लॅटिन संस्कृतातून निघाली असं यातून सिद्ध होत नाही, दोघींची आई तिसरीच, त्यांच्याहून जुनी. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं नसतं, नियम लागू पडतो का ते बघायचं असतं, आणि 'मुनी' तिथेच नापास होतो.

इतिहास थोडक्यात. परंपरेप्रमाणे पहिलं मूनिकिपिउम म्हणजे रोमजवळचं तुस्कुलुम, इ.स.पू. ३८१. पुढे इ.स.पू. ३३८ मध्ये कापुआसारख्या गावांना रोमन नागरिकत्व मिळालं पण मताशिवाय, म्हणजे सैन्यात माणसं द्यायची, मत मात्र नाही. १९८१ मध्ये स्पेनमध्ये सेव्हिलजवळ इर्नी नावाच्या एका मूनिकिपिउमचा कायदा ब्राँझच्या पत्र्यांवर सापडला, दहापैकी सहा पत्रे, त्यावर सम्राट डोमिशियनच्या काळातली इ.स. ९१ ची तारीख. त्यात गावच्या बांधकामासाठी माणशी वर्षाला जास्तीत जास्त ५ दिवस श्रम घ्यावेत असं कलम आहे. हे ५ दिवस म्हणजे मूनुस, प्रत्यक्ष हातात फावडं घेतलेलं.

आणि ज्याला हे माफ तो इम्मूनिस. रोमन सैन्यात वैद्य, कारागीर अशा लोकांना खंदक खणायच्या कामातून सूट असायची, त्यांना इम्मूनेस म्हणत. राजदूतांची इम्युनिटी तिथूनच आली, आणि एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी तोच शब्द शरीराला लावला, एका रोगाची वसुली ज्याला माफ झालीय असं शरीर. म्हणून बाजारातल्या डब्यांवर इम्युनिटी बूस्टर लिहिलेलं बघितलं की मला राग येतो. इम्युनिटी चमच्याने भरायची पावडर नाही, लस देते ती ठराविक रोगापासूनची ठराविक सूट असते, शरीरातल्या स्मृतिपेशींनी लक्षात ठेवलेली.

मुंबई पालिकेचा कायदा १८८८ चा, सुधारणा होत होत आजही तोच चालू आहे. त्याच्या ६१ व्या कलमात पालिकेने करायलाच हवीत अशा कामांची यादी आहे. रोममध्ये देणं माणसाचं होतं, इथे ते पालिकेवर आलंय. गटारं, पाणी, कचरा, जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि त्याच यादीत सार्वजनिक लसीकरण. म्हणजे त्या कार्डावर म्युनिसिपलच्या खाली इम्युनायझेशन छापलेलं असतं ते या कलमाला धरूनच आहे.