सिस्टिक फायब्रोसिस आणि महासाथ

सिस्टिक फायब्रोसिस हा सीएफटीआर जनुकातील दोषामुळे होणारा आनुवंशिक आजार आहे. यात फुप्फुसांतला कफ घट्ट व चिकट होतो आणि स्यूडोमोनाससारखे जिवाणू तिथे वर्षानुवर्षे ठाण मांडतात. श्वसनमार्गाची महासाथ आली की या रुग्णांना विषाणूचा धोका असतोच, पण त्याच्या बरोबरीने रोजचे उपचार आणि तपासण्या विस्कळित होण्याचाही असतो. कोविड-१९ च्या काळात हे दोन्ही स्पष्ट दिसले.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनने या रुग्णांना अतिजोखमीच्या गटात घालून घरातच राहायला सांगितले. प्रत्यक्षात सगळ्यांना सारखाच धोका नव्हता. जून २०२० च्या मध्यापर्यंत १९ देशांतून गोळा झालेल्या १८१ बाधितांच्या नोंदींत ७ मृत्यू होते आणि त्यांतले ३ अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचे. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि फुप्फुसांची क्षमता आधीच घटलेले रुग्ण जास्त गंभीर आजारी पडले. बाकीच्यांपैकी बहुतेक जण बरे झाले. मात्र बाधितांत तरुणांचे प्रमाण मोठे होते, हे विसरून या आकड्यांवरून निर्धास्त होणे बरोबर नाही.

संसर्ग ओळखणे इथे अवघड जाते. खोकला रोजचाच असतो आणि सायनसच्या त्रासामुळे वासही अनेकांना आधीपासून कमी येतो. म्हणून नेहमीच्या स्थितीत झालेला बदल पाहावा लागतो: ताप, वाढलेली धाप, कफाचा बदललेला रंग, ऑक्सिमीटरवर नेहमीपेक्षा कमी आकडा.

अंतर राखणे आणि मास्क या समाजाला नवे नव्हते. बर्कहोल्डेरियासारखे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून दोन रुग्णांनी एकमेकांपासून सुमारे दोन मीटर दूर राहायचे, हा दंडक आधीपासून होता. टाळेबंदीत इतर विषाणूही कमी फिरले, त्यामुळे या आजाराच्या अनेक उपचार केंद्रांत फुप्फुसांचा त्रास अचानक बळावण्याचे प्रसंग घटले.

तपासण्या घरी आल्या, तिथे अडचणी सुरू झाल्या. फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटर या यंत्रात जोरात फुंकताना थेंब उडतात म्हणून रुग्णालयांनी ही चाचणी आवरती घेतली. घरच्या यंत्रावर ती बसून, दिवसाच्या ठरलेल्या वेळी, किमान तीन चांगल्या फुंकरी मारून करावी. फुंकर मध्येच तुटली तर आकडा खोटाच कमी दिसतो. आकडा आपल्या नेहमीच्या पातळीहून १० टक्क्यांनी घसरला तर डॉक्टरांना कळवावे. कफाचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचला नाही तर नवा स्यूडोमोनास लक्षात येत नाही आणि तो मुळापासून काढण्याची सुरुवातीची संधी हातची जाते.

घरात कोणी बाधित असो वा रुग्ण स्वतः, नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारे यंत्र) बंद करू नये. त्यातून थेंब हवेत पसरतात, म्हणून वेगळ्या खोलीत, दार लावून व खिडकी उघडी ठेवून तो घ्यावा. सर्वसाधारण क्रम असा: आधी श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल, मग ७ टक्के मिठाचे द्रावण, त्यानंतर कफ काढण्याची फिजिओथेरपी आणि शेवटी अँटिबायोटिक. उलट क्रमाने अँटिबायोटिक कफाच्या थरावरच अडकते. नेब्युलायझरचा कप साबणाने धुऊन, उकळायला चालत असेल तर ५ मिनिटे उकळून कोरडा करावा. उकळल्यावर नळाच्या पाण्याने पुन्हा विसळला की सगळी मेहनत वाया जाते.

औषधांची टक्कर हा वेगळा धोका. कोविडवरच्या निर्मात्रेल्विरसोबत दिले जाणारे रिटोनाव्हिर यकृतात होणारे इतर औषधांचे विघटन रोखते. त्यामुळे सिस्टिक फायब्रोसिसवरच्या एलेक्साकॅफ्टर-टेझाकॅफ्टर-आयव्हाकॅफ्टर या एकत्रित औषधाचे रक्तातील प्रमाण चढते आणि डोस बराच कमी करावा लागतो. प्रत्यारोपण झालेल्यांत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची पातळी विषारी होऊ शकते. डोसचे वेळापत्रक उपचार केंद्राच्या डॉक्टरांकडूनच घ्यावे.

भारतातली टाळेबंदी २५ मार्च २०२० ला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू झाली. या आजारात घामातून मीठ फार जाते. उष्मा, ताप आणि उलट्या एकत्र आल्या की सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड घसरतात. मूल मलूल पडले, लघवी कमी झाली तर ओआरएस सुरू करून लगेच रुग्णालय गाठावे. संसर्गाच्या भीतीने ही भेट पुढे ढकलू नये.