रॅम वाढवली तरी गेम अडखळतो: रॅम वेगळी, व्हीरॅम वेगळी

धुळ्याचा माझा भाचा बारावीला आहे. साठवलेल्या पैशातून त्याने पीसीची रॅम १६ जीबीवरून ३२ केली. ग्राफिक्स कार्ड जुनंच, ४ जीबीचं जीटीएक्स १६५०. दुकानात त्याला सांगितलं होतं की रॅम वाढली की ग्राफिक्सची मेमरीपण वाढते. घरी आल्यावर गेम होता तसाच अडखळत राहिला. मला फोन आला, "मामा, इथे तर ग्राफिक्स मेमरी २० जीबी दाखवतंय, मग अडकतं कुठे?"

त्या २० मध्येच सगळा घोळ आहे. विंडोज कार्डावरची ४ जीबी आणि रॅमचा निम्मा हिस्सा, म्हणजे १६ जीबी, एकत्र मोजून दाखवतं. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) क्लिक केलं की दोन्ही आकडे वेगळे दिसतात. 'डेडिकेटेड' ती खरी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. ती कार्डावरच जोडलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. 'शेअर्ड' म्हणजे अडीनडीला उसनी घेतलेली साधी रॅम.

आपल्याकडे खानदेशात भरीत करताना भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचतात. टोपलीत वांगी कितीही असोत, एका वेळी ठेचली जाणार बडगीत मावतील तेवढीच. व्हीरॅम ही बडगी आणि रॅम ही टोपली. भाच्याने मोठी टोपली आणली, बडगी तेवढीच राहिली.

उसनी मेमरी कामाला का येत नाही, ते वेगाच्या आकड्यांत दिसतं. १६५० च्या जीडीडीआर५ मॉडेलमध्ये कार्डाची चिप स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १२८ जीबी उचलते. रॅममधलं काही हवं असेल तर ते मदरबोर्डच्या स्लॉटमधून यावं लागतं, आणि पीसीआयई ३.० (त्या स्लॉटचा प्रकार) ची ती वाट सेकंदाला जेमतेम १६ जीबीची. आठपट अरुंद. रॅम ३२ असो की ६४, वाट तेवढीच राहते.

म्हणून पैसे घालण्याआधी कोणती मेमरी कमी पडते ते ओळखा. दोन्हींची लक्षणं वेगळी आहेत. व्हीरॅम भरली की भिंती, चेहरे, कपडे मेणासारखे पुसट दिसतात आणि उशिरा स्पष्ट होतात. कॅमेरा झपकन वळवला की चित्र थबकतं. गेममधली टेक्स्चर (पृष्ठभागांवरच्या चित्रांची) सेटिंग एक पायरी खाली आणा. लगेच गाडी रुळावर आली तर दोष व्हीरॅमचाच. रॅम कमी असेल तर डिस्क शंभर टक्क्यांवर जाते, गेममधून बाहेर यायला वेळ लागतो, कधी गेम आपोआप बंद पडतो. ब्राउझर बंद केला की बरं वाटतं. मेमरी दोन्हीकडे मोकळी आणि जीपीयूचा वापर मात्र ९९ टक्के असेल तर चिपच थकली आहे. ही तपासणी सकाळी करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो; दुपारी कार्ड तापून स्वतःच वेग कमी करतं, आणि आपण भलत्याच भागावर संशय घेतो.

दुकानातलं ते वाक्य एका ठिकाणी खरं ठरतं. वेगळं कार्डच नसेल, रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळत असाल, तर बडगी आणि टोपली एकच. तिथे रॅमच्या ८ जीबीच्या एका पट्टीशेजारी दुसरी लावली की जागा वाढतेच, शिवाय ड्युअल चॅनलमुळे (दोन पट्ट्या एकाच वेळी वापरल्यामुळे) मेमरीची वाट दुप्पट रुंद होते आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, स्पष्ट वाढतो. अशा पीसीत रॅमवर खर्च जरूर करा.

नव्या गेमच्या अटी वाचतानाही दोन्ही ओळी वेगवेगळ्या वाचा. जीटीए फाइव्ह २०१५ मध्ये पीसीवर आला तेव्हा किमान ४ जीबी रॅम आणि १ जीबी व्हीरॅम पुरे होती. २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'ला किमान १६ जीबी रॅम आणि ८ जीबी व्हीरॅम लागते, वर कार्डात हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारी खास सोय) असावं लागतं. १६५० मध्ये ते नाहीच. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हा ती उगाच घेणं आता जास्तच महागात पडतं.

भाच्याने सध्या टेक्स्चर 'मीडियम'वर आणलंय आणि गेम सुरळीत चालतोय. पुढे १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० घ्यायचा त्याचा विचार आहे. त्याला एवढंच सांगितलं, आधी कॅबिनेट उघड आणि एसएमपीएसवरचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा, वॉटचा आकडा मला वाचून दाखव. १६५० चं भागतं ७५ वॉटमध्ये. ३०६० ला १७० वॉट लागतात आणि कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते.