आकड्याची तल्लफ आणि सजगतेचा उपचार : पार्श्वभूमी

‘ओपन काय आला?’, म्हणजे मटक्यात आधी निघणारा आकडा कोणता, हा प्रश्न सोलापूरच्या पूर्वभागात, यंत्रमागाच्या कारखान्यांजवळच्या टपऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकला गेला आहे. मटका मूळचा मुंबईचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर तिथे पैजा लागत. ते भाव मिळेनासे झाल्यावर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. गिरणी कामगारांत वाढलेला हा खेळ सोलापूरसारख्या कापडाच्या गावात रुजला, यात नवल नाही. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली.

कायद्याने अड्डा बंद होतो, तल्लफ होत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात हे आधीच आले आहे. ‘आता खेळणार नाही’ असे ठरवलेला जुगारी फाशांचा आवाज कानी पडताच पुन्हा तिकडे ओढला जातो. वैद्यकाला मात्र याला आजार म्हणायला बराच वेळ लागला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार १९८० मध्ये आला, तोही आवेगावर ताबा नसण्याच्या गटात. २०१३ मध्ये तो दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांशेजारी ठेवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो व्यसनातच मोडतो. माझ्या मते हा बदल फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे ‘याला अक्कल नाही’ म्हणणाऱ्या घराला दवाखान्याची वाट दिसू शकते.

या तल्लफेवर ध्यानाची, म्हणजे अंगात-मनात आत्ता जे चालले आहे ते न झगडता पाहण्याच्या सजगतेची (माइंडफुलनेसची), वाट दुसरीकडून आली, आणि तिचा एक पदर महाराष्ट्रातला आहे. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि विपश्यनेची शिबिरे घेऊ लागले. पुढे इगतपुरीला त्यांचे केंद्र उभे राहिले. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी झेन या बौद्ध ध्यानपरंपरेतून आणि विपश्यनेतून घेतलेला सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम रुग्णालयात सुरू केला, धार्मिक भाग वगळून. व्यसनांवर काम करणारे अ‍ॅलन मार्लाट यांनी तल्लफेला लाट मानले : ती चढते, टोकाला जाते, ओसरते, तिच्याशी झुंजू नये आणि तिच्यामागे वाहूनही जाऊ नये. सिएटलजवळच्या एका तुरुंगात गोयंकांच्या पद्धतीचे दहा दिवसांचे शिबिर केलेल्या कैद्यांचा मार्लाट यांच्या गटाने अभ्यास केला. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सुटकेनंतर या कैद्यांचे दारू आणि ड्रग्जचे सेवन कमी दिसले.

जुगाराकडे हे सगळे उशिरा वळले. २००७ मध्ये एका अभ्यासात मुळातच सजग स्वभावाच्या खेळणाऱ्यांत जुगाराची तीव्रता कमी आढळली. २०१४ मध्ये कॅनडात टोनिॲटो आणि सहकाऱ्यांनी विचार तपासण्याच्या उपचाराला सजगतेची जोड देऊन एक छोटा प्रयोग केला; फरक आशादायक होता. पुढे अशा अभ्यासांचा एकत्र आढावाही निघाला. पण बहुतेक अभ्यास लहान आहेत, म्हणून सजगता आज मुख्य उपचाराच्या जोडीला बसते, त्याच्या जागी नाही.

ती नेमके काय करते? मटक्यात सत्तेचाळीसची जोडी (दोन आकडी संख्या) लावली आणि सेहेचाळीस निघाली, की ‘थोडक्यात हुकले’ असे वाटते. खरे तर सेहेचाळीस आणि बारा, दोन्ही सारखेच लांब. तरी छाती धडधडते, हात फोनकडे जातो, ‘गेलेले काढायचेच’ हा विचार उठतो. सराव असलेला माणूस ती धडधड अंगात जिथे जाणवते तिथे पाहतो, श्वासावर येतो, विचाराला विचार म्हणून ओळखतो. तल्लफ आणि पैसे लावणे यांत तेवढी फट पडते आणि त्या फटीतच उपचाराला काम करता येते.

ध्यान कर्ज फेडत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे. पगार काही काळ बायकोच्या किंवा आईच्या हाती देणे, यूपीआय बंद करणे, सावकाराचा हिशेब कागदावर मांडणे हे सोबत चालावे लागते. खोल नैराश्य असेल किंवा जीव नकोसा झाला असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ, ध्यान नंतर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि सोलापुरातल्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराचा विभाग आहे.