आधी व्हॅम्पायर, मग क्लेरिक

वेक्ना या खलनायकाचं नाव आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर २०२२ मध्ये पडलं, ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमुळे. त्या मालिकेतली पोरं तळघरात बसून, एकेक कल्पित पात्र घेऊन जो खेळ खेळतात, त्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वेक्ना १९७६ पासून आहे. मात्र तेव्हा तो पात्र नव्हता. ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ नावाच्या पुरवणी पुस्तिकेत त्याचे फक्त अवशेष होते, एक हात आणि एक डोळा. ते वापरायचे तर स्वतःचा हात तोडून त्या जागी तो लावायचा, स्वतःचा डोळा काढून तो बसवायचा. प्रत्यक्ष वेक्नाशी गाठ पडायला १९९० चं मॉड्यूल, म्हणजे छापील तयार डाव, यावं लागलं. या खेळातले खलनायक बहुधा असेच घडत गेले. आधी वस्तू, आकडे, अडथळे. हेतू असलेला माणूस फार उशिरा. नायकांचंही वेगळं नव्हतं, आणि दोघांची वाढ एकमेकांत इतकी गुंतलेली आहे की एकाची हकीकत दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत झाली. तिथे वॉरगेम खेळणाऱ्यांची एक टोळी होती. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, सैन्यं हलवायची. १९६९ मध्ये त्यांच्यातल्या डेव्हिड वेसलीने नेपोलियनच्या काळातल्या ब्राऊनस्टाइन या काल्पनिक गावाभोवती डाव मांडला, आणि सेनापती सोडून उरलेल्या खेळाडूंना गावातल्या भूमिका वाटून दिल्या. कोणी महापौर, कोणी बँकर, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. प्रत्येकाचा स्वार्थ वेगळा. झालं असं की लढाई राहिली बाजूला आणि मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागली, सौदे करू लागली. एक द्वंद्वयुद्धही झालं. वेसलीला वाटलं, डाव पार फसला. खेळाडू मात्र विचारत होते, पुढचा कधी?

त्या खेळाडूंमध्ये डेव्ह अर्नेसन होता. त्याने १९७१ च्या सुमाराला ब्लॅकमूर नावाची स्वतःची दुनिया उभी केली. तिथे एकेका खेळाडूकडे एकच माणूस असायचा आणि तोच माणूस पुढच्या बैठकीतही चालू राहायचा. हा बदल वरवर लहान वाटतो, पण इथेच सोंगटीचं पात्र झालं. एका फाशात आपला माणूस मेला की खेळाडू हळहळू लागले. म्हणून अर्नेसनने युद्धनौकांच्या खेळातली कल्पना उचलली. जहाज जसं एका गोळ्यात बुडत नाही, थोडं थोडं निकामी होतं, तसंच माणसाचं. हिट पॉइंट्स आले ते असे.

आता खरी मौज. ब्लॅकमूरमधला पहिला गाजलेला खलनायक अर्नेसनने रचलेला नव्हताच. तो एका खेळाडूचाच होता. डेव्हिड फँट याचं पात्र खेळता खेळता व्हॅम्पायर झालं आणि ‘सर फँग’ या नावाने इतरांना छळू लागलं. खेळणारा हुशार, त्यात व्हॅम्पायरच्या शक्ती, कोणाला आवरेना. मग त्याला तोडीस तोड म्हणून एक नवी भूमिका काढावी लागली. ड्रॅक्युलाच्या सिनेमांतला व्हॅन हेल्सिंग डोळ्यांपुढे ठेवून क्रूस दाखवून पिशाच्चांना पळवणारा धर्मगुरू तयार झाला. ती भूमिका माईक कार खेळला. आज जगभर लाखो लोक जो ‘क्लेरिक’ म्हणून निवडतात, जखमा बऱ्या करायला कोणी तरी हवा म्हणून बऱ्याचदा कुरकुरत निवडतात, तो मुळात एका विशिष्ट टेबलावरच्या एका विशिष्ट उपद्रवी मित्राचा बंदोबस्त होता.

विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा इथल्या गॅरी गायगॅक्सने अर्नेसनबरोबर हे सगळं नियमांत बसवलं आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांचा खोका बाजारात आला. पहिली आवृत्ती फक्त १००० प्रतींची. पात्र तयार करायला दहा मिनिटंही लागत नसत. सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे, जो आकडा पडेल तो. फायटिंग मॅन, मॅजिक-यूझर किंवा क्लेरिक, यांतलं एक काही तरी. पूर्वायुष्य, स्वभाव, आईबाप, कशालाच कागदावर जागा नाही. गायगॅक्सच्या मुलाच्या कॅरेक्टर शीटवर नुसतं ‘एम एल्फ’ लिहिलेलं होतं, म्हणजे जात एल्फ, लिंग पुरुष. त्याचंच ‘मेल्फ’ झालं, आणि मेल्फचा अॅसिड अॅरो हा मंत्र आजही पुस्तकात आहे.

नैतिकतेसाठी एक रकाना होता, अलाइनमेंटचा. लॉ, न्यूट्रल, केऑस, म्हणजे सुव्यवस्था, तटस्थ, अनागोंदी, एवढंच. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आलेली ही विभागणी होती. १९७६ मध्ये गायगॅक्सने तिच्यावर चांगलं-वाईट असा दुसरा अक्ष आडवा टाकला आणि १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ घरांचा तो प्रसिद्ध तक्ता पक्का झाला. माझं मत विचाराल तर या तक्त्याने नायकांचं थोडं भलं केलं आणि खलनायकांचं बरंच नुकसान. ‘केऑटिक ईव्हिल’ लिहिलं की लेखकाचं काम संपलं. हा वाईट का, हा प्रश्नच उरला नाही. अॅसेररॅक हा मरूनही न संपलेला जादूगार पाहा. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे त्याचं थडगं १९७५ च्या एका स्पर्धेसाठी लिहिलेलं. आमची पात्रं अजिंक्य आहेत असं मिरवणाऱ्यांची जिरवायची, हा गायगॅक्सचा उघड हेतू. थडग्याला काय हवंय हे मात्र कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. म्हटलं तर तो खलनायक नव्हेच, ती एक वास्तू आहे.

आपला राक्षसही याच काळात तिकडे पोचला, तोही आडवाटेने. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ आहे. मनातलं ओळखून तो समोरच्याला विश्वासातल्या माणसाचं रूप दाखवतो, आणि धर्मगुरूने मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला तरच पटकन मरतो. हे रामायणात शोधत बसू नका. गायगॅक्सने ते ‘कोल्चॅक’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या एका भागातून घेतलं होतं. चित्रकार डेव्हिड ट्रॅम्पियरने त्याला वाघाचं डोकं दिलं, घरंदाज कोट घातला, हातात पाइप दिला, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या आवृत्त्यांत तो वाघतोंड्याच राहिला. मारीच रूप पालटतो, शूर्पणखाही पालटते, म्हणजे गाभा अगदीच परका नाही. पण रावणासारखा वेद जाणणारा, वर मागून मातलेला, स्वतःची बाजू असलेला शत्रू मात्र त्या नोंदीत कुठेच नाही.

खलनायक वाईट का, तो ‘का?’ विचारला ट्रेसी हिकमन या लेखकाने. एका डावात तळघरातलं दार उघडलं तर आत व्हॅम्पायर. आजूबाजूच्या खोल्यांत इतर किरकोळ राक्षस, मधेच हा. हा इथे काय करतोय, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने आणि पत्नी लॉराने मिळून व्हॅम्पायरसाठी किल्ला, दरी, इतिहास रचला आणि वर्षानुवर्षं हॅलोविनला मित्रांबरोबर तो डाव खेळून घासूनपुसून घेतला. १९८३ मध्ये तो ‘रेव्हनलॉफ्ट’ नावाने छापला गेला.

त्यातला काउंट स्ट्राड फॉन झारोविच म्हणजे उतारवयाला लागलेला विजेता सरदार. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर, तातियानावर, त्याचा जीव जडतो. तारुण्यासाठी तो मृत्यूशी करार करतो, लग्नाच्या दिवशी भावाला मारतो. ती तटावरून उडी घेते. एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती बऱ्यापैकी दंतकथा झाली असती. हिकमन दांपत्याने ती नियमांत विणली. डाव सुरू होताना पत्ते पिसायचे आणि त्यांवरून ठरवायचं की या खेपेला स्ट्राडला नक्की काय हवंय, तो कुठे सापडेल, त्याला मारायची आयुधं कुठे आहेत. आणि तो शेवटच्या खोलीत वाट पाहत बसत नाही. वाटेत भेटतो, घाव घालतो, निघून जातो, पुन्हा येतो. म्हणजे डंजन मास्टरला, डाव चालवणाऱ्याला, तो खेळाडूसारखाच खेळावा लागतो, अगदी सर फँगसारखा.

नायकाच्या बाजूनेही याच सुमाराला हालचाल होती, पण ती दुसऱ्या खेळांत. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरोंच्या खेळात आपल्या पात्राला कमतरता लावून घेतल्या की जादा गुण मिळायचे, आणि मागे लागलेला शत्रू ही त्यांतलीच एक. खेळाडू स्वतःचा खलनायक स्वतःच्याच शीटवर लिहून आणू लागले. १९९१ मध्ये ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ने तर सगळ्यांनाच व्हॅम्पायर करून टाकलं.

दरम्यान मूळ खेळ मागे गेला होता. हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा गदारोळ अमेरिकेत ऐंशीच्या दशकात उठला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकऱ्याचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, गेला, अर्ध-ऑर्क गेले, सैतान आणि दैत्य ही नावंही गेली. पुढे ते परतले, पण ‘तानारी’ आणि ‘बाटेझू’ अशी नवी नावं लावून.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अखेर शीटवर चार नव्या रकान्यांना जागा मिळाली : स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष. अनुभवी डंजन मास्टर कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारा डाव, सुरू होण्याआधी सगळ्यांचे ‘बंध’ वाचून काढतात, कारण खलनायक कुठे दुखवू शकेल हे तिथे आयतं लिहिलेलं असतं. एकाने ‘हरवलेली बहीण’ लिहिली आणि दुसऱ्याने ‘गुरूची चोरलेली पोथी’, तर पोथी चोरणाऱ्याच्या पदरी ती बहीण नोकरीला ठेवली की निम्मं काम झालं.

जन्मजात दुष्ट जमातींचा प्रश्न मात्र लोंबकळत होता. ऑर्क म्हणजे वाईटच, हे २०२० पर्यंत अनेकांना खुपू लागलं होतं, आणि प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने त्या वर्षी बदल करण्याचं जाहीर केलं. २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ऑर्क एल्फ आणि ड्वार्फ यांच्या रांगेत खेळाडूंसाठी आला. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याची वेगळी नोंदच नाही. ऑर्क दरोडेखोर हवा असेल तर दरोडेखोराचे आकडे घ्यायचे आणि तो दरोडे का घालतो ते आपण ठरवायचं.