ओल्या टॉवेलावरील शुक्राणू आणि गर्भधारणेची भीती

गोव्यात पावसाळ्यात दोरीवरचा टॉवेल दोन दोन दिवस सुकत नाही, म्हणून त्यावर सांडलेले वीर्यही तितकाच काळ जिवंत राहते आणि त्या टॉवेलाने अंग पुसल्यास मुलीला दिवस जातात, ही समजूत चुकीची आहे.

शुक्राणू स्त्रीच्या जननमार्गात 5 दिवसांपर्यंत जगू शकतात, आणि बहुधा हाच आकडा लोक टॉवेलाला लावतात. शरीराबाहेर मात्र वीर्य वाळले की शुक्राणू मरतात. पाण्याची ओल त्यांना वाचवत नाही. साधे पाणी वीर्यापेक्षा फार विरळ असल्याने ते शुक्राणूत शिरते, त्याची शेपटी फुगून वेटोळी होते आणि त्याचे पोहणे थांबते. तरणतलावात क्लोरीनची भर पडते, तर समुद्राचे खारे पाणी शुक्राणूतील पाणी ओढून घेते. त्यामुळे मिरामारला समुद्रात उतरलेल्या मुलीच्या आईने ही धास्ती बाळगू नये.

अपवाद एकच आहे, आणि तो लपवणे मला योग्य वाटत नाही: ताजे, ओले वीर्य बोटांवरून थेट योनीत गेल्यास शक्यता अल्प असली तरी ती उरते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने तातडीची गर्भनिरोधक गोळी 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, घ्यावी.